रिट्झच्या वाढदिवसासाठी

(पडदा काळा. आधी फक्त आवाज.)

हे पहिलं व्हायोलिन ऐका. खर्जातून निघालं आणि बघता बघता तीनेक सप्तकं चढून गेलं. बाकीचे सातजण खाली नुसते थरथरताहेत.

हा ‘ऑक्टेट’, आठ तारवाद्यांसाठीची रचना. त्यातली ही झेप एडुआर्ड रिट्झच्या बोटांसाठी लिहिलीय. रिट्झ बर्लिनचा व्हायोलिनवादक, वय तेवीस. लिहिणारा त्याचा शिष्य आणि दोस्त, फेलिक्स मेंडेल्सोन. वय सोळा! हस्तलिखितावर तारीख आहे 15 ऑक्टोबर 1825. दोन दिवसांनी रिट्झचा वाढदिवस.

(बर्लिनचं जुनं रेखाचित्र.)

फेलिक्सचे वडील सावकारी पेढीचे मालक. घरी रविवारी मैफल भरायची, वादक पैसे देऊन बोलावले जायचे. म्हणजे पोरानं लिहिलेलं कागदावर पडून राहत नसे, लगेच कानांवर पडे. प्रतिभा होतीच, पण ही सोय विसरून चालणार नाही.

चार व्हायोलिन, त्यांहून जरा मोठे दोन व्हिओला, खालच्या सुरांचे दोन चेलो. संगीतकार लुई श्पोर यांनीही आठ तारवाद्यांसाठी लिहिलं होतं, पण त्यांच्या दोन चौकड्या समोरासमोर बसून सवाल-जवाब करतात. फेलिक्सनं आठही जण एकमेकांत मिसळून टाकले आणि बजावलं, मोठ्या वाद्यवृंदासारखं वाजवा.

(स्केर्झो, म्हणजे चपळ, खेळकर भाग, सुरू होतो.)

आता मात्र सगळे दबक्या पावलांनी. याचं गुपित त्यानं फक्त बहिणीला, फॅनीला सांगितलं होतं. जर्मन कवी गटेच्या ‘फाउस्ट’ नाटकातल्या चार ओळी: ढग, धुकं, पानांतला वारा, आणि मग सगळं विरून जातं. शेवट ऐका. संपलं कधी, तेच कळत नाही.

अखेरच्या भागात दुसरा चेलो अगदी तळातून धावत सुटतो, आणि एकेक वाद्य त्याच्या मागे. मध्येच संगीतकार हँडेलच्या ‘हालेलुया’ या समूहगीताची एक ओळ डोकावते.

एक खरं सांगायला हवं. आज वाजतो तो ऑक्टेट छापण्याआधी मेंडेल्सोननं बराच कापून-छाटून दुरुस्त केलेला आहे. सोळा वर्षांच्या मुलाचं लिखाण, पण कात्री पुढच्या वयाची.

(मेणबत्ती. संथ चाल.)

जानेवारी 1832 मध्ये रिट्झ क्षयानं गेला, एकोणतिसाव्या वर्षी. मेंडेल्सोन तेव्हा पॅरिसमध्ये होता. त्यानं आपल्या एका जुन्या पंचवाद्य-रचनेतला मिन्युएट, म्हणजे नृत्याच्या चालीचा भाग, काढला आणि तिथे मित्राच्या आठवणीत हा नवा भाग घातला.

यातही पहिल्या व्हायोलिनकडे कान द्या.