मिलिंद: भुंगा आणि राजा

नमस्कार मंडळी. आज एकाच नावाबद्दल बोलायचंय, आणि ते नाव माझंच आहे, मिलिंद. हॉलमध्ये अजून किती मिलिंद आहेत, जरा हात वर करा बघू... एक, दोन, तिकडे मागे एक, चार. आणि चौघंही पंचेचाळीशीच्या पुढचे दिसतायत. असू दे, त्यावर शेवटी येतो.

आमच्या पाचवीच्या वर्गात दोन मिलिंद होते. मराठीच्या सरांनी एकदा प्रत्येकाला उभं करून नावाचा अर्थ विचारला. मी घरी ऐकलेलं सांगितलं, मिलिंद म्हणजे भुंगा, कमळातला मध पिणारा. सर म्हणाले शाब्बास. मग दुसरा मिलिंद उठला आणि म्हणाला, सर, मिलिंद राजा होता, ग्रीक राजा, त्यानं भंतेंना प्रश्न विचारले होते. वर्ग हसला. सर म्हणाले खाली बस, आत्ताच सांगितलं ना त्यानं, भुंगा. तो बसला. मी गप्प राहिलो, कारण मला खरंच माहीत नव्हतं. पण त्याचं बरोबर होतं, हे कळायला मला पुढची आठ-दहा वर्षं लागली, तेही त्याच्याच वडिलांकडून कळलं, आणि आजचं हे सगळं बोलणं म्हणजे त्या दिवशी वर्गात जे बोलायला हवं होतं तेच आहे असं समजा.

आधी भुंगा घेतो कारण तो लवकर संपतो. संस्कृतात मिलिंद म्हणजे भ्रमर. पण अमरकोशात भुंग्याची नावं बघितली तर मधुव्रत, मधुकर, मधुप, द्विरेफ, भृंग, षट्पद, भ्रमर, अलि अशी रांग लागते, त्यात मिलिंद नाही. हा नंतरच्या काव्यात रुळलेला शब्द. अरविंदाशी यमक जुळतं, उच्चार मऊ आहे, कवींना अजून काय पाहिजे. तिथून तो पंडिती वळणाच्या मराठीत आला आणि मग घरांत. आपल्याकडे एक काळ असा आला की मुलांना विठ्ठल, गणपत, दत्तात्रय, पांडुरंग ही देवाची नावं ठेवणं शहरी सुशिक्षित घरांत कमी झालं आणि हलकी, फुलाबिलातली नावं आली: मकरंद, पराग, शिरीष, पंकज, सुहास. मिलिंद त्याच परडीतला. मिलिंद आणि मकरंद असे दोघं भाऊ तुम्ही नक्की पाहिले असतील, भुंगा आणि मध. क्रिकेटवाले मिलिंद रेगे १९४९ चे, म्हणजे हे नाव तेव्हा मुंबईत आलेलं होतंच. मिलिंद गुणाजी १९६१ चे, मिलिंद सोमण १९६५ चे आणि तेही ग्लासगोत जन्मलेले, म्हणजे नाव पार स्कॉटलंडला पोचलं!

आता राजा. इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

ग्रीकमध्ये नाव आहे मेनान्द्रोस. मेनो म्हणजे टिकून राहणं, पाय रोवून उभं राहणं, आणि आन्द्रोस हे पुरुष या शब्दाचं रूप. अथेन्समध्ये याच नावाचा मोठा नाटककार होऊन गेला, म्हणजे ग्रीकांत चांगलं चालणारं नाव. अलेक्झांडर गेल्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी, इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकात, या नावाचा एक ग्रीक राजा पंजाबात राज्य करत होता, राजधानी सागल, म्हणजे आजचं पाकिस्तानातलं सियालकोट. त्याची नाणी भरपूर सापडतात, आणि ती बघताना मला दर वेळी काहीतरी होतं. एका बाजूला ग्रीक लिपीत नाव, आणि उलटवलं की खरोष्ठी लिपीत, आपल्याला कळेल अशा प्राकृतात: महरजस त्रतरस मेनंद्रस. महाराज, त्राता, मेनंद्र. ग्रीक तोंडातलं नाव इथल्या तोंडात बसायला लागलंय ते असं धातूवर दिसतं. पुढे पालीत पहिला न जाऊन ल आला, शेवट मऊ झाला आणि झाला मिलिंद. शब्द घासत घासत गुळगुळीत होतो तसं.

हा राजा लक्षात राहिला तो लढायांमुळे नाही. लढाया त्यानं केल्या, ग्रीक भूगोलकार स्ट्रेबोनं त्याचं नाव मोठ्या विजेत्यांत घेतलंय. पण त्याला आपल्यापर्यंत आणलं ते पालीतल्या मिलिंदपञ्ह या बौद्ध ग्रंथानं, म्हणजे मिलिंदाचे प्रश्न. त्यातला राजा वाद घालणारा आहे. ज्याला त्याला प्रश्न विचारतो, कोणालाच उत्तर देता येत नाही, आणि मग तो वैतागून म्हणतो की हा जंबुद्वीप रिकामा आहे, सगळं फोलपट आहे, माझ्याशी बोलू शकेल असा कोणीच नाही. मग त्याला भेटतात भंते, म्हणजे बौद्ध भिक्खू, नागसेन.

आणि पहिलाच प्रश्न काय, तर भंते, तुमचं नाव काय? नावाबद्दल बोलायला उभा राहिलेल्या माणसाला यापेक्षा मोठी भेट कुठली मिळणार! नागसेन सांगतात, मला नागसेन म्हणतात, आईवडील मुलांची नावं ठेवतात नागसेन, शूरसेन, वीरसेन, पण ते नुसतं व्यवहारासाठी, नाममत्तं, त्या नावाच्या मागे वेगळी अशी कोणी व्यक्ती सापडत नाही. राजा म्हणतो असं कसं, मग चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र, कोणाला दिलं, शील कोण पाळतं? केस म्हणजे नागसेन का? नखं? दात? नाही, नाही, नाही. मग नागसेन उलट विचारतात, महाराज, तुम्ही कशानं आलात? रथानं. मग आख म्हणजे रथ का? चाकं? जू? दांडी? नाही. हे सगळं जुळून आलं की त्याला रथ हा शब्द वापरतात, तसंच माझं. राजा खूश होतो.

पण माझा आवडता भाग त्याच्या पुढचा आहे, आणि तो फार कमी लोक सांगतात. राजा म्हणतो, भंते, अजून बोलाल का माझ्याशी? नागसेन म्हणतात, पंडितांसारखं बोलणार असाल तर बोलेन, राजांसारखं बोलणार असाल तर नाही. फरक काय? पंडितांच्या वादात एकमेकांचं खोडून काढतात, चूक दाखवतात, चूक मान्य करतात, आणि कोणी रागावत नाही. राजे एक गोष्ट धरून बसतात आणि जो सहमत नाही त्याला शिक्षा करा म्हणतात. आणि राजा म्हणतो, ठीक आहे, पंडितांसारखं बोलू. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पुस्तक बाजूला ठेवावं लागलं, डोळ्यांसमोर तो पाचवीचा वर्ग आला, खाली बस म्हणणारे सर आणि बसलेला माझा मित्र.

आता महाराष्ट्रात या. मराठवाडा निजामाकडून सुटून जेमतेम दोन वर्षं झाली होती, १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढलं, त्याला नाव मिळालं मिलिंद महाविद्यालय, आणि आजूबाजूच्या परिसराला नागसेनवन. विचार करा, प्रश्न विचारणाऱ्याचं नाव कॉलेजला आणि तो प्रश्न विचारायला जिथे येतो त्या जागेला उत्तर देणाऱ्याचं. आणि हे १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेच्या आधी सुरू झालेलं. खेड्यापाड्यातनं आलेली, घरात पहिल्यांदाच कॉलेज बघणारी पोरं तिथं शिकली, आणि त्या पिढीची माणसं आजही ‘मी मिलिंदचा’ असं सांगतात, त्यात जो अभिमान असतो तो कुठल्याही डिग्रीपेक्षा मोठा वाटतो मला. मग त्यांच्या घरांत जी मुलं जन्मली त्यांची नावं सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, सुजाता, संघमित्रा, आणि मिलिंद. गायक मिलिंद शिंदे सगळ्यांना माहीत आहेत, प्रल्हाद शिंदेंचे चिरंजीव.

म्हणजे एकाच गावात, एकाच वर्गात दोन मिलिंद, एक परडीतनं आलेला, एक नागसेनवनातनं. हजेरीत फरक नाही, हाक मारताना फरक नाही, दोघंही मिल्या. राहुल आणि सिद्धार्थचंही तसंच झालं, ती नावं सगळ्यांनी घेतली. पण नागसेन बघा. किती सुंदर नाव, अर्थ भारदस्त, गोष्टीत तर तो राजापेक्षा वरचढ, तरी ते नाव माझ्या पाहण्यात फक्त बौद्ध घरांतच राहिलं. मला हे लागतं, सरळ सांगतो. प्रश्न विचारणारा आम्ही घरात घेतला, तोही भुंगा समजून, आणि उत्तर देणारा बाहेर ठेवला.

आणि मिलिंद हे नाव कळू देत नाही म्हणूनच लगेच पुढचा प्रश्न येतो. भाड्यानं खोली बघायला आम्ही दोघं मित्र कॉलेजच्या वयात हिंडलोय. नाव काय? मिलिंद. पुढे? माझ्या ‘पुढे’नंतर चहा यायचा, त्याच्या ‘पुढे’नंतर खोली कालच गेलेली असायची. एकदा नाही, चार वेळा. नाव तेच, वय तेच, खिशातलं डिपॉझिटही तेवढंच.

आता ते वर केलेले हात. हल्ली बालवाडीच्या यादीत मिलिंद दिसत नाही, आरव, रेयांश, विहान, अद्वैत असतात. नावांचं असं होतंच, मला त्याचं दुःख नाही, आमच्या आईवडिलांनीही गणपत सोडूनच मिलिंद घेतलं होतं. पण आपल्याकडे नाव एकदम जात नाही, कारण आपण बापाचं नाव मधे लावतो. त्यामुळे आत्ता मिलिंद सगळ्यात जास्त कुठे सापडेल तर पंचवीस-तीस वर्षांच्या पोरापोरींच्या नावात, मधोमध. आधार कार्डावर, ऑफिसच्या मेलमध्ये, पासपोर्टवर. त्यांना मुलं झाली की तिथूनही जाईल. पूर्वी आजोबाचं नाव नातवाला ठेवायचे म्हणून एक पिढी सोडून नाव परत वर यायचं, ते आता बहुतेक घरांत बंद झालंय.

माझा तो मित्र गेल्या वर्षी आजोबा झाला. बारशाला गेलो होतो. मला वाटलं होतं आता काहीतरी रेयांश वगैरे. त्याच्या मुलीनं पाळण्याशी वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि मग मोठ्यानं आम्हा सगळ्यांना: नागसेन. मित्राला विचारलं, तू सुचवलंस? म्हणाला नाही, तिचं तिनंच ठरवलं, म्हणाली तुम्ही आयुष्यभर प्रश्न विचारलेत बाबा, आता घरात उत्तर देणारं कोणीतरी पाहिजे.

बोला आता, कोणाला काही विचारायचंय?