टरफलांची साक्ष

[उबवणीपेटी. अंडी अगदी जवळून.]

चीर पडली.

कवच चामड्यासारखं मऊ असतं. कोंबडीच्या अंड्यासारखं ते फुटत नाही, आतून कापलं जातं. पिल्लाच्या वरच्या ओठाच्या टोकाला एक बारीक दात असतो, फक्त या एका कामापुरता. काम झालं की थोड्याच दिवसांत तो गळून जातो.

आधी एक बुडबुडा येतो. मग नाकपुड्या. मग पिवळंधमक डोकं, आणि ते तिथेच थांबतं. अंड्यातला उरलेला बलक अंगात जिरेपर्यंत पिल्लू अर्धं आत, अर्धं बाहेर असं बसून राहतं. एक दिवस, कधी दोन. आता हात लावायचा नाही, ओढायचं तर मुळीच नाही.

शेजारच्या अंड्यातून मात्र विटकरी रंगाचं डोकं वर आलं आहे. आईबाप तेच, अंडीही एकाच वेळची. यातलं एकही पिल्लू हिरवं नाही, आणि तरीही ही सगळी हिरव्या वृक्ष-अजगराची पिल्लं आहेत.

[नकाशा.]

यांचं मूळ घर न्यू गिनी. आजूबाजूची बियाक, आरू, मिसूल अशी बेटं, आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला केप यॉर्कचं पर्जन्यवन. १८७२ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ श्लेगेल यांनी या सापाचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे बराच काळ त्याचं नाव ‘कोंड्रोपायथन’ होतं. ते नाव शास्त्राने टाकलं, पण पाळणाऱ्यांच्या तोंडी ‘कोंड्रो’ अजून आहे. न्यू गिनीच्या मधल्या डोंगररांगेच्या उत्तरेचे आणि दक्षिणेचे साप आता दोन वेगळ्या जाती मानल्या जातात. विटकरी पिल्लं निघतात ती उत्तरेकडच्यांत. ऑस्ट्रेलियातली पिल्लं सगळी पिवळीच.

[पिंजरा. फांदीवर मादी.]

ही त्यांची आई. दहा महिन्यांपूर्वीची.

बसण्याची पद्धत पाहा. आडव्या फांदीच्या दोन्ही बाजूंना वेटोळी सारखी सोडलेली, वजन तोललेलं, आणि बरोबर मधोमध डोकं. दिवसभर ती अशीच असते. ओठांवरच्या या खाचा उष्णता टिपतात. अंधारात उंदीर दिसला नाही तरी त्याच्या अंगाची ऊब तिला कळते.

तिला पिंजरा फार मोठा लागत नाही, पण नेमका लागतो. एका टोकाला ३० अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब, दुसऱ्या टोकाला २५ अंश. थर्मोस्टॅटशिवाय हे जमत नाही. पाण्याचा फवारा रोज, पण पुढच्या फवाऱ्याआधी पिंजरा सुकायला हवा. सतत ओल राहिली तर बुरशी धरते, सतत कोरडं राहिलं तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते. ही बघा चांगली कात: नाकापासून शेपटीपर्यंत एकसंध, मोज्यासारखी उलटलेली.

आणि हे हात बघा. सापाला फांदीवरून सोडवायचा प्रयत्नही करत नाहीत. फांदीच उचलतात, सापासकट. पिंजऱ्यातल्या दांड्या त्यासाठीच सुट्या बसवलेल्या असतात. हा साप फांदी सहज सोडत नाही, आणि खेचला तर शेपटीचा कणा दुखावतो. लहान पिल्लात तर तो बाक जन्मभर राहतो. म्हणूनच शेपटी हाताळून नर की मादी हे तपासण्याची घाईही चांगले पाळणारे करत नाहीत.

खाणं प्रौढ सापाला दहा ते चौदा दिवसांनी एकदा. माणूस प्रेमापोटी जास्त देतो, आणि हा साप त्यानेच आजारी पडतो.

[रात्र. नर आणि मादी.]

प्रजननासाठी मादी निदान तीन-चार वर्षांची आणि भरल्या अंगाची हवी. काही आठवडे रात्रीचं तापमान २०–२२ अंशांपर्यंत उतरवलं जातं. नर खाणं सोडतो. मग त्याला मादीच्या पिंजऱ्यात ठेवायचं आणि वाट बघायची.

या दृश्यावर मला बोलायचं नाही. फांदीखाली लोंबलेल्या, एकमेकींत गुंफलेल्या त्या दोन शेपट्या तेवढ्या पाहा.

[...]

काही आठवड्यांनी मादीच्या अंगाचा मधला भाग फुगला. हिरव्यावर निळसर झाक आली. काही माद्यांत ती अशीच येते. मग तिने कात टाकली, आणि ही कात म्हणजे निरोप: दोन-तीन आठवड्यांत अंडी. पिंजऱ्यात वरच्या बाजूला, झाडाच्या ढोलीसारखी एक पेटी बसवली गेली.

[पेटीचं झाकण उघडतं.]

आई अंड्यांभोवती अशी बसली आहे की अंडं एकही दिसत नाही. वेटोळ्यांचा शंकू, आणि वर झाकणासारखं डोकं.

आता तिच्या पाठीकडे नीट बघा. दिसलं? पुन्हा बघा. ती थरथरते आहे. थंडीने नाही, भीतीने नाही. अंगाचे स्नायू आवळून, सैल सोडून ती ऊब तयार करते आहे. थंड रक्ताचा म्हणून आपण ज्याला दूर ठेवतो तो प्राणी भोवतालच्या हवेपेक्षा आपलं अंग जास्त गरम ठेवतो, अंड्यांसाठी. रानात ती उपाशीपोटी आठवडेच्या आठवडे असं करते.

इथे अंडी काढून घेतली आहेत. आईला लवकर खायला मिळावं आणि अंड्यांचं तापमान हलू नये म्हणून. वेटोळी एकेक करून उलगडावी लागतात आणि ती दर वेळी पुन्हा आवळते. एकूण १९ अंडी. दोन पिवळट, आकसलेली, म्हणजे फळली नाहीत. उरलेली १७ पाण्याच्या वर जाळीवर ठेवली. पाणी अंड्याला लागू द्यायचं नाही, पण हवा मात्र ओलीच हवी. ३१ अंश. सुमारे सात आठवडे.

[पिल्लं, वेगवेगळ्या डब्यांत.]

प्रत्येकाचा डबा वेगळा. प्रत्येकाला पेन्सिलीहून बारीक अशी एक आडवी काडी.

पहिली कात टाकल्यावर पहिला घास. नुकतं जन्मलेलं, केस न आलेलं उंदराचं पिल्लू, लांब चिमट्यात. हे पिल्लू तोंड फिरवतं आहे. चिमटा शेपटीला हलकेच टेकतो, दूर जातो, पुन्हा टेकतो. कितीतरी वेळा. आज नाही घेतलं तर चार-पाच दिवसांनी पुन्हा. अशी १७ पिल्लं.

आणि... घेतलं. आता डोळाही हलवायचा नाही.

एकदा खाऊ लागलं की ते स्वतःच शिकारी होतं. ही शेपटीची टोकं बघा, अळीसारखी वळवळणारी. रानात या आमिषाला सरडे फसतात.

[तोच साप, महिन्यामहिन्याच्या अंतराने.]

रंगबदल. यासाठी कात टाकावीच लागते असं नाही. पिवळ्यात कुठेतरी एक हिरवा खवला, मग दहा, मग पाठ. ऑस्ट्रेलियातल्या आयर्न रेंजमध्ये रानातल्या सापांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की साप साधारण ५५ सेंटिमीटरचा झाला की हिरवा होतो. पिवळी पिल्लं रानाच्या कडेला, उजेडाच्या मोकळ्या जागांत खालीच राहतात. मोठा झालेला साप झाडांच्या शेंड्यांकडे जातो, आणि तिथे लपायला हिरवाच रंग उपयोगी पडतो. पिंजऱ्यात शेंडा नाही, तरी रंग आपल्या वेळेला येतो.

[बाजारातला साप. काही सेकंद.]

इंडोनेशियात हा साप कायद्याने संरक्षित आहे. निर्यात करायची ती फक्त पैदास केलेल्यांची. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मालुकू आणि पापुआ भागातल्या व्यापाऱ्यांकडे रानातून पकडलेल्या ४,२२७ सापांची नोंद झाली, आणि ‘पैदास केलेले’ म्हणून देशाबाहेर जाणाऱ्यांपैकी निदान ८० टक्के रानातलेच असल्याचा निष्कर्ष निघाला. त्याच अभ्यासकांनी एक साधा उपाय सुचवला: पैदास केली म्हणता ना, मग टरफलं दाखवा.

[धुतलेली टरफलं, कागदावर वाळत.]

रिकामं टरफल वजनाला काहीच नसतं. आतून गुळगुळीत, आणि एका बाजूला त्या इवल्या दाताने मारलेल्या दोन-तीन चिरा. प्रत्येक टरफलावर त्या वेगळ्या.

मोजली जातात. १५, १६, १७. मग एका डबीत. डबीवर आईचा क्रमांक, बापाचा क्रमांक, अंडी घातल्याची तारीख, पहिली चीर पडल्याची तारीख.

[डबीचं झाकण बंद होतं.]