कोण कुठला? वेलस्ली, स्ट्रिकलंड आणि आपले वराडकर

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो, पत्रिकेत विषय छापलाय 'आयरिश, माल्टीज आणि ब्रिटिश: कोण कुठला?' वेळ चोवीस मिनिटं. म्हणजे देशाला आठ. माल्टाला आठ मिनिटं म्हणजे चैनच की!

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, नंतर राहून जाईल. माणूस कुठला, हे जन्मदाखल्यावरून फारसं ठरत नाही. त्याच्यावर हक्क सांगण्याची गरज कुणाला आहे, त्यावर ठरतं.

आपली असईचीच लढाई घ्या. जालना जिल्हा, 23 सप्टेंबर 1803. (जालन्याचे कुणी आहेत? दोन हात. बरं, जपून बोलतो.) शाळेत शिकलो, इंग्रजांनी शिंदे-भोसल्यांना हरवलं. त्या इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, 1769 साली आयर्लंडातल्या डब्लिनमध्ये जन्मलेला. वाटाडे शपथेवर सांगत होते, केळणा नदीला इथं उतार नाही. यानं पाहिलं, नदीच्या अलीकडे एक गाव, बरोबर समोर पलीकडे दुसरं. आता समोरासमोरची दोन गावं, आणि येणं-जाणं नाही? सोयरीक नाही, भांडण नाही? उतार असणारच! निघाला. फौज पार झाली.

समोर शिंद्यांच्या कवायती पलटणी कुणाच्या हाताखाली? पोलमन नावाच्या जर्मनाच्या. गाव हॅनोव्हर. आणि लंडनच्या गादीवर कोण? तिसरा जॉर्ज, घराणं हॅनोव्हरचं! राजाचा गाववाला आपल्याकडून लढतोय, आणि राजाच्या फौजेचा म्होरक्या डब्लिनचा. त्या फौजेत स्कॉटिश हायलँडर आणि मद्रासचे शिपाई. इंग्रज नव्हतेच असं नाही, पण पुस्तकात वाटतात तितके नव्हते.

आता माझी जुनी तक्रार. 'तबेल्यात जन्मला म्हणून कुणी घोडा होत नाही', हे वाक्य वेलिंग्टनच्या नावावर फिरतं. आयरिश म्हटलं की तो म्हणे असं उत्तर द्यायचा. साफ खोटं! ते डॅनियल ओ'कॉनेलचं, 1843 च्या भाषणातलं. आयरिश पुढारी भर सभेत सांगत होता, हा आमच्यात जन्मला, पण आमचा नव्हे. हाकललं आयर्लंडनं, आणि नाव वेलिंग्टनचं खराब. एका दिवाळी अंकानं हीच थाप छापली. मी चार पानी पत्र लिहिलं. त्यांनी त्यातल्या दोन ओळी छापल्या, त्याही विनोदाच्या चौकटीत.

चिठ्ठी आली. 'पाच मिनिटे.' अहो, अजून समुद्र ओलांडायचाय!

माल्टा. भूमध्य समुद्रातलं बेट, तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात. जेराल्ड स्ट्रिकलंड, जन्म व्हालेटा, 1861. बाप इंग्रज आरमारी अधिकारी, आई माल्टाची. न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर झाला, 1924 मध्ये लंडनच्या पार्लमेंटात निवडून गेला, 1927 मध्ये माल्टाचा पंतप्रधान. काही महिने दोन्ही खुर्च्या एकदम! माल्टातले इटलीधार्जिणे त्याला इंग्रजांचा माणूस समजत. आईचं घराणं कुणी मोजलंच नाही.

फुटबॉल. 12 जून 1988, स्टुटगार्ट, आयर्लंडनं इंग्लंडला 1-0 नं लोळवलं. गोल रे हाउटनचा, जन्म स्कॉटलंडातल्या ग्लासगोचा, बाप आयर्लंडातल्या डोनेगलचा. प्रशिक्षक जॅक चार्लटन, 1966 चा विश्वचषक जिंकलेल्या इंग्लंडच्या संघातला. त्या रात्री डब्लिनमध्ये जन्मगाव विचारायला कुणाला सवड होती?

आणि वराडकर. वडील अशोक, मालवण तालुक्यातल्या वराडचे, डॉक्टर. आई मिरियम, आयर्लंडातल्या डंगार्व्हनच्या, नर्स. गाठ पडली इंग्लंडात, लिओ जन्मला डब्लिनमध्ये. 2017 मध्ये तो आयर्लंडचा पंतप्रधान झाला आणि आपण म्हटलं, आपला मालवणी! डंगार्व्हनचं नाव आपल्यापैकी किती जणांनी घेतलं? मिरियमबाईंच्या माहेरालाही पेढ्याचा हक्क होता की नाही?

झालं, झालं, बसतो. माल्टाचा एडवर्ड डी बोनो, तो 'लॅटरल थिंकिंग'वाला लेखक, राहिला. चहाला गाठा, सांगतो.