पांडाच्या कडेला शहराचं नाव

नमस्कार, श्रोतेहो. नाणी जमवणाऱ्यांना चीनचा पांडा ओळखीचा असतो. 1982 साली तो सोन्याच्या नाण्यांवर आला, 1983 मध्ये चांदीच्या. एका बाजूला पांडा, दुसऱ्या बाजूला बीजिंगच्या स्वर्गमंदिराची गोल वास्तू. आज मी बोलणार आहे ते नाणेप्रदर्शनांसाठी मुद्दाम पाडलेल्या पांडांविषयी.

चीनचे दरवाजे तेव्हा नुकते उघडत होते. देशाला परकीय चलन हवं होतं आणि सोन्याचांदीची नाणी घेणारा हौशी माणूस होता हाँगकाँगला, अमेरिकेत, जर्मनीत. त्याच्या दारी जायचं तर त्याच्यासाठी काही खास न्यायला हवं! म्हणून हाँगकाँगचं नाणेप्रदर्शन, 1987 सालचं अटलांटाचं अमेरिकन नाणेसंग्राहकांचं अधिवेशन, पुढे म्युनिकचं प्रदर्शन, अशा ठिकाणांच्या नावांनिशी पांडा निघाले. माझी नजर चित्राआधी त्या कोरलेल्या अक्षरांवर जाते. एक बंद राहिलेला देश जगाच्या बाजारात कुठे कुठे जाऊन उभा राहिला, ते तिथे शहर आणि सालासकट वाचता येतं. मला हे फार मोलाचं वाटतं.

मात्र यातले बरेचसे पांडा नाणी नाहीत, मेडल आहेत, म्हणजे चलन नसलेली स्मरणपदकं. त्यांच्यावर युआनचा आकडा नसतो. बीजिंगच्या आंतरराष्ट्रीय तिकीट व नाणे प्रदर्शनाचे चांदीचे पांडा वेगळे: त्यांच्यावर 10 युआन असतं, ते चीनच्या मध्यवर्ती बँकेचं खरं चलन आहे. पण आकडा नाही म्हणजे मेडलच, असंही धरू नका. 1982 च्या सोन्याच्या पांडावर किंमत छापलेलीच नाही, तरी ते नाणंच.

नकली पांडा भरपूर फिरतात, म्हणून छोटा वजनकाटा जवळ ठेवाच. नेहमीच्या पांडाचा एक औंस म्हणजे 31.1 ग्रॅम, 2016 पासून चीनने ते वजन 30 ग्रॅम केलं. चांदी लोहचुंबकाला चिकटत नाही, तेही पाहून घ्या. काही प्रदर्शनी पांडांवर सोन्याचा मुलामा असतो. तो पुसून चमकवायला गेलात तर कायमचा जाईल, तेव्हा टाकसाळीच्या प्लास्टिकमधून नाणं काढूच नका.

आणि विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: कुठल्या प्रदर्शनाचं, कुठल्या सालचं, किती नग पाडले होते? सोबतचा दाखला हातात घेऊनच उत्तरं ऐका.