स्वस्त विमान, लांबचा विमानतळ: मामांच्या सहा हजारांचे तेरा हजार कसे झाले

राम राम मंडळी. आज बोर्ड नाही, ग्राफिक नाही. हे कागदाचं पान आहे. (पान कॅमेऱ्याजवळ धरतो) जानेवारीचं कॅलेंडर संपल्यावर माझ्या मामांनी फाडून ठेवलेलं. मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांचा हिशोब आहे, निळ्या बॉलपेनने. सगळ्यात वर लिहिलंय ६,३००. सगळ्यात खाली, दोन रेघा मारून, १३,२००. आणि शेजारी कंसात माझं नाव. म्हणजे गुन्हेगार कोण, तेही नोंदवलंय.

झालं असं. मामेबहीण बंगळूरला असते, इलेक्ट्रॉनिक सिटीत. मामा-मामींनी कधी विमान पाहिलं नव्हतं, म्हणजे आतून. मी म्हटलं, मामा, तुम्ही काळजी करू नका, तिकीट मी काढतो. रात्री बारा वाजता मोबाइलवर बसलो, मुंबई ते बंगळूर, सगळ्यात स्वस्त काय ते बघितलं. माणशी ३,१५०. त्याच्या खालचं विमान माणशी चारशेने महाग. मी काय करणार? स्वस्त दाबलं.

तिकिटावर वर मोठ्या अक्षरात मुंबई होतं. खाली बारीक अक्षरात तीन अक्षरं होती, एन एम आय. ती मी वाचली नाहीत.

आता जळगावकर माणूस मुंबईला जातो म्हणजे काय करतो? रात्रीची गाडी पकडतो, पहाटे दादरला उतरतो. हे आमच्या रक्तात आहे. मामा उतरले दादरला, टॅक्सीवाल्याला तिकीट दाखवलं, तो हसला. मला फोन आला, सव्वासहा वाजले होते. घाबरले की मामा अहिराणीवर येतात. "आते काय करानं रे भो? हाऊ म्हणस, विमान नवी मुंबईले शे!"

तर मंडळी, पहिली गोष्ट ही. २५ डिसेंबर २०२५ पासून मुंबईला दोन विमानतळ झालेत. जुना सांताक्रूझ-सहारचा, त्याचा कोड बी ओ एम. नवा उलवे-पनवेलकडचा, एन एम आय. बुकिंगच्या साइटवर नुसतं मुंबई टाकलं की दोन्हीकडची विमानं एकाच यादीत, खांद्याला खांदा लावून येतात. शहराचं नाव वाचू नका, कोड वाचा. दिल्लीचंही तेच. तिकीट स्वस्त दिसलं आणि खाली हिंडन लिहिलेलं असेल, तर तुम्ही उतरणार गाझियाबादच्या बाजूला. आणि गोव्याला तर दोन आहेतच, दाभोळी आणि मोपा. गोव्यावर येतो मी, कारण ते आपल्या जळगावशी जोडलेलं प्रकरण आहे.

आधी मामांना पोहोचवू. दादरहून टॅक्सी, शिवडीवरून अटल सेतू. सेतूचा टोल धरून १,४५०. मामी म्हणाल्या समुद्र छान दिसला. मामांनी समुद्र बघितला नाही, ते मीटर बघत होते. खरं तर ही मंडळी ठाण्याला उतरली असती, तर पनवेलकडची लोकल धरून बेलापूरला आणि तिथून छोटी टॅक्सी. पाव भागात काम झालं असतं. भुसावळकडून येणाऱ्या बऱ्याच गाड्या कल्याण-ठाण्याला थांबतात, आपण झोपेत असतो म्हणून आपल्याला ती स्टेशनं दिसत नाहीत, एवढंच.

आणि जुन्या विमानतळाचं विमान असेल तर आता दादरचा टॅक्सीवालाही लागत नाही, हे अजून आपल्याकडे कितीतरी जणांना माहीत नाही. मेट्रो तीन, ती जमिनीखालची, ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू आहे. दादरला पूल ओलांडून पश्चिमेला या, दहा-बारा मिनिटं चाला, खाली उतरा. विमानतळाची दोन स्टेशनं आहेत, टी-वनचं वेगळं, टी-टूचं वेगळं, आणि मध्ये सहार रोडचं एक स्टेशन आहे. म्हणजे टर्मिनल कुठलं हे तिकिटावर बघूनच उतरायचं. मात्र ही मेट्रो सकाळी सहाच्या आसपास सुरू होते आणि रात्री साडेदहाच्या सुमारास शेवटची सुटते. पहाटे पाच-साडेपाचच्या विमानाला तिचा काडीचा उपयोग नाही. आणि स्वस्त विमानं नेमकी कधी असतात? पहाटे पाच-साडेपाचला.

हा योगायोग नाही बरं का. विमान जमिनीवर उभं असलं की कंपनीला एक रुपया मिळत नाही, उलट पार्किंग लागतं. म्हणून स्वस्तातल्या कंपन्या विमान पहाटेपासून रात्रीपर्यंत हाकतात. आपला एसटीवाला एकाच गाडीच्या जितक्या फेऱ्या मारेल तितकं बरं, तसंच. मग पहिली आणि शेवटची फेरी कुणालाच नको असते, म्हणून ती स्वस्त. तुम्ही पैसे वाचवता, पण ती रात्र विमानतळाच्या खुर्चीत काढता.

युरोपात तर याच्याही पुढची तऱ्हा आहे. तिथल्या स्वस्त कंपन्या मुद्दाम लांबचा, रिकामा विमानतळ निवडतात, कारण तिथे उतरण्याचे दर कमी आणि गर्दी नाही. पॅरिसच्या नावाने विकलं जाणारं बोव्हे पॅरिसपासून ८० किलोमीटरच्या आसपास आहे. फ्रँकफर्टच्या नावावरचं हान तर १२० किलोमीटर, मूळचा अमेरिकी हवाई दलाचा तळ. म्हणजे भुसावळला उतरवायचं आणि धुळं आलं म्हणून सांगायचं.

आपल्याकडे कारण वेगळं आहे. हैदराबादचं बेगमपेट आणि बंगळूरचा जुना एचएएल विमानतळ गावात अडकले, वाढायला जागा नव्हती, म्हणून २००८ मध्ये शमशाबाद आणि देवनहळ्ळी सुरू झाले. तिथे महागातलं विमान असो की स्वस्तातलं, उतरणार एकाच लांबच्या ठिकाणी. म्हणून भारतात जास्त पैसे भरून शहर जवळ येत नाही. फक्त जिथे दोन-दोन विमानतळ आहेत तिथेच ही निवड तुमच्या हातात असते, आणि तिथेच माझ्यासारखा भाचा चुकतो.

परत मामांकडे. काउंटर विमानाच्या एक तास आधी बंद होतो, देशांतर्गत विमानांना साधारण हाच नियम. ते वेळेत पोहोचले. बोर्डिंग पास काउंटरवर घ्यायला पैसे लागतील म्हणून मामा आधीच धास्तावलेले, कुणीतरी सांगितलं होतं. तर तसं नाही. जुलै २०२२ मध्ये सरकारने सांगितलंय की काउंटरवर बोर्डिंग पास देण्याचे वेगळे पैसे घेता येणार नाहीत. तेवढे वाचले.

पण बॅगा! माणशी १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातातली. मामींनी लेकीसाठी काय भरलं होतं ते ऐका. उडदाची डाळ, कळण्याचं पीठ, बिबड्या, केळीचे वेफर्स, आणि काळ्या मसाल्याचं सामान, कारण बंगळूरच्या मसाल्याला घरची चव नाही म्हणे. घरी तराजूवर तोललं होतं, पण केळ्याच्या वखारीतल्या तराजूवर. तिथे दोन-तीन किलो इकडेतिकडे कोण विचारतो? काउंटरवर तीन किलो जास्त निघालं आणि १,८०० रुपये गेले. हेच जास्तीचं वजन मोबाइलवर आदल्या दिवशी घेतलं असतं तर स्वस्त पडलं असतं. काउंटरवरचा दर हा अडलेल्या माणसाचा दर असतो.

वरून काय झालं, तर चेक-इनला दिलेल्या बॅगेसाठी मामींना परत बोलावलं. बॅग उघडायला लावली. आत खोबऱ्याच्या वाट्या, एक किलो. सुकं खोबरं विमानात चालत नाही मंडळी! तेल जास्त असतं, पेट घेतं, म्हणून. मामींना हे पटेचना. ओला नारळ चालतो आणि खोबरं नाही? त्या माणसाला म्हणाल्या, "दादा, आम्ही याचा मसाला करतो, बॉम्ब नाही." वाट्या तिथेच राहिल्या. आणि आणखी एक, लाल तिखट हातातल्या बॅगेत ठेवू नका, ते चेक-इनमध्येच जाऊ द्या. खान्देशी माणसाच्या पिशवीत तिखट नाही असं होत नाही, म्हणून सांगतो.

उतरले बंगळूरला. देवनहळ्ळी ते इलेक्ट्रॉनिक सिटी म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक. तिथे वायू वज्र नावाच्या एसी बसेस आहेत, टर्मिनलच्या बाहेरच लागतात, केआयए आणि पुढे आकडा असे त्यांचे नंबर. केआयए-८ इलेक्ट्रॉनिक सिटीला जाते. दोघांचे सातशेच्या आसपास. टॅक्सी केली असती तर याच्या दुप्पट-तिप्पट. पण बस असो की टॅक्सी, हेब्बाळच्या पुलावर सगळे सारखेच अडकतात. मामा घरी पोहोचले तीन वाजून गेल्यावर. आदल्या रात्री पावणेदहाला रिक्षात बसले होते.

(पान पुन्हा दाखवतो) तर हे बघा. तिकीट ६,३००. साइटची फी वगैरे ७००, ही शेवटच्या पानावर हळूच येते. जळगावची रिक्षा १५०. रेल्वे थ्री एसी दोघांची १,५००. टॅक्सी १,४५०. वजन १,८००. बस ७००. विमानतळावरची इडली आणि चहा ६००, याच्यापुढे मामांनी उद्गारचिन्ह काढलंय. एकूण १३,२००. वेळ साडेसतरा तास.

आणि आपल्या जळगाव स्टेशनवरून कर्नाटक एक्सप्रेस थेट बंगळूरला जाते. जवळपास चोवीस तास. थ्री एसीत दोघं चार हजारांच्या आत. उतरायचं मॅजेस्टिकला, म्हणजे बंगळूरच्या मुख्य स्टेशनला, तिथून मेट्रो, आर व्ही रोडला बदलून यलो लाइन, ती ऑगस्ट २०२५ पासून इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत गेलीये. म्हणजे विमानाने सहा-सात तास वाचवले आणि नऊ हजार जास्त घातले. ज्याची रजा तीन दिवसांची, त्याने खुशाल घालावेत. मामा रिटायर्ड आहेत.

आता विमानाला शिव्या देण्यासाठी हा व्हिडिओ नाही. जिथून उडायचं ते ठिकाण आपल्या दारात असेल तर गणित उलटं फिरतं. जळगावचा विमानतळ अजिंठा रोडला, कुसुंब्याजवळ, स्टेशनपासून सहा-सात किलोमीटर. रिक्षाने जायचं, विमानात बसायचं. २०१७ मध्ये छोट्या गावांना विमानाने जोडणाऱ्या सरकारच्या उडान योजनेत मुंबईचं विमान सुरू झालं, बंद पडलं. २०१९ मध्ये पुन्हा, पुन्हा बंद. २०२४ पासून परत गोवा, हैदराबाद, पुणे, मुंबई अशी नावं ऐकू येतायत. सत्तरेक सीटची पंख्याची विमानं, रोज सगळीकडे नाहीत, वार ठरलेले, आणि वेळापत्रक बदलतं. म्हणून माझं मत असं, की जळगावचं विमान मिळालं तर जरूर घ्या, पण त्याच्या भरवशावर पुढचं दुसरं विमान किंवा पैसे परत न मिळणारं हॉटेल बांधू नका. दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील आणि पहिल्याला उशीर झाला, तर दुसरी कंपनी तुमचं काही देणं लागत नाही. रेल्वेला उशीर झाला तर अजिबातच नाही. मनमाडला गाडी तासभर उभी राहिली हे कारण काउंटरवर कुणी ऐकत नाही.

आता गोवा. जळगावचं विमान उतरतं मोप्याला, पेडण्यात, गोव्याच्या अगदी वरच्या टोकाला. हरमल, मोरजी, वागातोर करायचं असेल तर उत्तम. पणजी ३५ किलोमीटरच्या आसपास, कदंबाची, म्हणजे गोव्याच्या एसटीची, बस मिळते. पण हॉटेल घेतलं पाळोळ्याला, तर अख्खा गोवा उभा कापायचा, आणि गोव्यात आपले नेहमीचे टॅक्सीचे अॅप चालत नाहीत. प्रीपेड काउंटर किंवा गोवा माइल्स हे तिथलं टॅक्सीचं अॅप. आणि गंमत म्हणजे मोपा महाराष्ट्राच्या हद्दीला लागून आहे. सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण तिथून जवळ. जळगाव ते मालवण रस्त्याने कुणी गेलं असेल त्याला विचारा ती रात्र कशी जाते. मी तर म्हणतो हे विमान गोव्याचं नाहीच, ते मालवणचं आहे, फक्त कुणी तसं विकत नाही.

धुळेकरांसाठी एक. नाशिकचा विमानतळ म्हणजे ओझर, आणि ओझर धुळ्याहून येताना नाशिकच्या वीसेक किलोमीटर आधी लागतं. नाशिकपर्यंत जाऊन परत मागे येणारी माणसं मी बघितलीत. फक्त कंडक्टरला चढतानाच विचारा ओझरला थांबणार का, विनाथांबा गाडी थांबत नाही. आणि टर्मिनल हायवेला चिकटून नाही, आत आहे, रिक्षा बघावी लागते. नंदुरबार-नवापूरवाल्यांना तर मुंबई नकोच, सुरत घ्या. तापी लाइनची गाडी, आणि सुरत स्टेशनपासून विमानतळ डुमस रोडला, बारा-पंधरा किलोमीटर.

मामा-मामी पंधरा दिवस राहिले. परतीचं तिकीट मी काढतो म्हटलं, तर मामा म्हणाले, तू राहू दे. कर्नाटक एक्सप्रेसने आले. मी जळगाव स्टेशनवर घ्यायला गेलो. मामींच्या हातात एक नवी कापडी पिशवी, जड. मला काही बोलल्या नाहीत, फक्त तोंड उघडून दाखवली. तिपटूरच्या खोबऱ्याच्या वाट्या, दोन किलो.