चिंधीचा कागद आणि आतलं पान

नमस्कार श्रोतेहो. अमेरिकन क्रांतीच्या आधीची, म्हणजे १७७५ पूर्वीची तिथल्या वसाहतींतली वर्तमानपत्रं जमवायची तर नवखा माणूस आधी बातमी वाचतो. जाणकार आधी कागद उजेडाला धरतो.

तेव्हाचा कागद चिंध्यांचा. लिननच्या आणि सुती चिंध्या कुजवून, कुटून हाताने बनवलेला. पुण्याचा हातकागद ज्यांनी हाताळलाय, त्यांच्या बोटांना हा पोत परका वाटणार नाही. उजेडात त्यात बारीक, दाट रेषा दिसतात आणि त्यांना काटकोनात छेदणाऱ्या, साधारण अडीच सेंटिमीटर अंतरावरच्या ठळक रेषा. साच्यातल्या तारांच्या या खुणा. त्या नसतील तर पाकीट खिशातच राहू द्या.

लाकडाच्या लगद्याचा कागद रुळला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. तोच तांबूस होतो, तोच कडांना चुरतो. चिंधीचा कागद अडीचशे वर्षांनंतरही बहुधा मऊ आणि लवचीक असतो. तेव्हा समोरचा अंक ‘किती जुनाट दिसतो!’ असा वाटला, की आधी संशय घ्या.

मग पानाच्या पाठीवरून बोट फिरवा. खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, हाताने जुळवायचे, कागद ओलसर करून त्यांवर दाबायचा. त्यामुळे अक्षरांचा उठाव मागून जाणवतो. फोटोवरून काढलेली नक्कल सपाट लागते. तिच्यात मूळ अंकाची घडी आणि डागसुद्धा छापून आलेले असतात. घडी दिसते, बोटाला लागत नाही! छपाईत ‘एस’ हे अक्षर पुष्कळ ठिकाणी ‘एफ’सारखं लांब दिसेल. पण तेवढ्यावर विसंबू नका, नकलेतही ते तसंच उतरतं.

नकला प्रसिद्ध अंकांच्याच निघतात. ‘बॉस्टन गॅझेट’चा १२ मार्च १७७० चा अंक घ्या. बॉस्टनमध्ये ५ मार्चला ब्रिटिश सैनिकांनी केलेल्या गोळीबाराची ही बातमी. स्तंभांना जाड काळ्या रेघा, मृतांची आद्याक्षरं घातलेल्या चार शवपेट्यांचं चित्र. आठवण म्हणून याची पुनर्मुद्रणं वारंवार झाली. २४ एप्रिल १७०४ च्या ‘बॉस्टन न्यूज-लेटर’च्या पहिल्या अंकाचीही तीच गत. हे कुणाच्या माळ्यावर सापडले, तर ते जवळजवळ नेहमी पुनर्मुद्रणच निघतं.

आमचा सल्ला विचाराल तर साधे अंक घ्या, आणि आतून वाचा. एकच ताव मधोमध दुमडून चार पानं होत. तावाच्या एका बाजूला पहिलं आणि चौथं पान. ते आधी छापून ठेवत. त्यात जुना मजकूर, जाहिराती. ताजी बातमी उरलेल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या पानावर. दर्शनी पान रटाळ म्हणून स्वस्तात सुटलेल्या अंकात स्टॅम्प कायद्यावरची बाचाबाची आत दडलेली असू शकते. ब्रिटिश संसदेने वसाहतींवर लादलेला हा कायदा १ नोव्हेंबर १७६५ ला लागू झाला. वर्तमानपत्राच्या तावावर कर आणि दर जाहिरातीमागे दोन शिलिंग! मुद्रक चिडणारच.

तारखेचीही एक मेख आहे. १७५२ पर्यंत इंग्रजांचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. जानेवारी १७४० असं छापलेला अंक आपल्या हिशेबात १७४१ चा असू शकतो. विकणाऱ्याला विचारून घ्या.

डाव्या कडेला शिलाईची भोकं दिसली तर घाबरू नका. अंक कधीकाळी बांधलेल्या खंडातून सुटा केलेला असतो. बांधणीत कडा छाटताना ओळी कापल्या गेल्या असतील, तर मात्र किंमत पाडून मागा. माथ्यावर शाईने लिहिलेलं वर्गणीदाराचं नाव खोडू नका, तो पुरावा आहे.

जपणुकीत लॅमिनेशन नको, सेलोटेप तर नकोच. तिचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो. आम्लमुक्त फोल्डर आणि पॉलिएस्टरचं पारदर्शक पाकीट घ्या, अंक आडवा ठेवा. फाटलं असेल तर जपानी टिश्यू, म्हणजे पातळ पण चिवट कागद, आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ. हात कोरडे आणि स्वच्छ असले की पुरे. सुती मोज्यांत बोटांना अंदाज येत नाही आणि कड फाटते. मुंबई-कोकणात खरी भीती दमटपणाची आणि कसरीची. हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आत राहील अशी खोली निवडा आणि बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट टाळा.