'असं होतंच' म्हणू नका: डाऊन सिंड्रोम आणि अचानक हरवलेली कौशल्यं

नमस्कार. मागच्या व्हिडिओपासून तुम्ही एकच विचारताय: डाऊन सिंड्रोम असलेला आमचा मुलगा विशीत आला आणि एकदम बोलेनासाच झाला, असं का?

डाऊन सिंड्रोम म्हणजे एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत, हे तुम्हाला माहितीच आहे. पुढे जाऊ.

साधारण १० ते ३० या वयात काहींची कमावलेली कौशल्यं थोड्याच आठवड्यांत जातात. बोलणं, जेवणं, झोप, सगळंच बिघडतं. याला डाऊन सिंड्रोम रिग्रेशन डिसऑर्डर म्हणतात. पुष्कळदा आधी काहीतरी घडलेलं असतं: शाळा संपली, ताई लग्न होऊन गेली, आजी वारली. प्रत्येक वेळी कारण सापडतंच असं नाही.

मी शिकवायचे ती एक मुलगी स्वतःचे कपडे स्वतः निवडायची. भाऊ घर सोडून गेला, आणि पुढे ती एक हात बाहीत घालून तशीच उभी राहायची. दुसरा हात हलायचाच नाही. घरचे म्हणायचे, हट्ट करतेय. तो हट्ट नव्हता, तो कॅटाटोनिया होता. शरीरच अडकून पडतं.

आता मला खरंच राग येतो ते सांगते. 'डाऊन सिंड्रोममध्ये असं होतंच.' अहो, डाऊन सिंड्रोम जन्मापासून आहे. मग गेल्या महिन्यापर्यंत जे येत होतं ते आत्ताच कसं गेलं? डॉक्टर जरी असं म्हणाले, तरी हाच प्रश्न विचारा.

एका ताईंनी कमेंटमध्ये लिहिलंय, 'धक्का बसलाय, माया करा, येईल ताळ्यावर.' ताई, माया हवीच. पण कारण कळलं म्हणून तपासणी थांबवायची नसते. थायरॉइड, झोपेत श्वास अडकणं, कान, डोळे, मानेचे मणके, नैराश्य, हे सगळं बघावं लागतं. आणि विशीतल्या मुलाला अल्झायमर झाला असं कुणी म्हणालं, तर तेही लगेच मान्य करू नका. डाऊन सिंड्रोममध्ये त्याचा धोका मोठा आहे, पण तो बहुधा चाळिशीनंतर दिसतो.

उपचार आहेत. कॅटाटोनियात लोराझेपाम नावाचं औषध देऊन बघतात, काहींना ईसीटी, म्हणजे भूल देऊन मेंदूला दिलेले विजेचे नियंत्रित झटके, लागते, काहींना प्रतिकारशक्तीवरची औषधं. घरच्या घरी यातलं काहीही नको. खाणंपिणंच थांबलं, तर मात्र अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.

डॉक्टरांकडे जाताना मोबाइलमधला सहा महिन्यांपूर्वीचा व्हिडिओ आणि आत्ताचा, दोन्ही न्या. तुम्ही 'गप्प झालाय' म्हणता तेव्हा त्यांना वाटतं, आधीपासूनच गप्प असेल.